तिसऱ्या कडव्यापर्यंतचा मध

आमच्या घरात मध चमच्याने मोजत नाहीत, गाऊन मोजतात.

लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी चोचीची बरणी उचलली, गाळलेल्या व्हिनेगरच्या बाटलीत मधाची धार सोडली आणि डोळे मिटून पद म्हणायला लागल्या. मला वाटलं, देवाचं नाव घेऊन कामाला हात घालताहेत, छान आहे. तिसरं कडवं संपलं, पालुपदाचा शेवटचा शब्द ओठांवरून उतरला, आणि त्यांनी मनगट फिरवून धार तोडली.

"आई, किती घातला?" मी विचारलं.

"तीन कडवी," त्या म्हणाल्या आणि बाटलीला बूच लावून मोकळ्या झाल्या.

आम्ही त्या औषधाला औषध म्हणत नाही. आमच्याकडे त्याचं नाव 'आंबटगोड'. आलं, पुदिना, ओव्याची पानं, लिंबाची पिवळी साल आणि थोडी ठेचलेली मिरी बरणीत भरायची. वरून सफरचंदाचं व्हिनेगर, पानं पार बुडेपर्यंत. झाकणाखाली बटर पेपर ठेवायचा, कारण व्हिनेगर पत्र्याला खातं आणि मग सगळ्याला गंजाची चव येते. बरणी उन्हापासून लांब फळीवर ठेवायची आणि येता-जाता हलवायची. पानं फिकी पडली, व्हिनेगरला वास चढला, की फडक्यातून गाळायचं. मग शेवटी मध. कोमट पाण्यात चमचाभर घालून घोट घोट प्यायचं. याने घसा बरा होतो असा दावा सासूबाई करत नाहीत. "घशाला बरं वाटतं," एवढंच म्हणतात, आणि कोणी फार खोकत असेल तर त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवतात.

हे आंबटगोड मुळात बुवांसाठी.

आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रार्थनागृह आहे. तिथे दर सोमवारी बुवा प्रवचन करतात. निम्मं बोलणं, निम्मं गाणं. बोलता बोलता गोष्ट रंगात येते, शब्द थिटे पडायला लागतात, आणि बुवा अलगद गाण्यात शिरतात. कुठून शिरले ते कळतसुद्धा नाही. मी कितीही ठरवून कोरड्या डोळ्यांनी बसले तरी त्या क्षणाला माझा पदर वर जातोच. देव खरंच कुठे भेटत असेल तर तो मला त्या बोलण्याच्या आणि गाण्याच्या मधल्या उंबऱ्यावर भेटतो, असं माझं आपलं मत आहे.

बुवांच्या मागे उभं राहून पालुपद उचलायला एक जण लागतो. इतकी वर्षं ते काम एक काका करायचे. ते आता मुलीकडे कायमचे राहायला गेले. जागा रिकामी झाली, आणि त्या जागेवर माझ्या नणंदेने जीव टाकला.

नणंदेला आम्ही भिंगरी म्हणतो. ती बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत असते आणि माइकवरून गाड्यांची घोषणा करते. एका दमात गाडी कुठली, फलाट कुठला, सुटायची वेळ काय, सामान सांभाळा, सगळं. गाडी थांबत नाही, म्हणून तीही थांबत नाही. आवाज असा, की स्टँडवरचे लोक चहा पिता पिता मान वर करतात. पण घरी गाडी नसली तरी ती तशीच बोलते, तशीच जेवते, आणि खरं सांगायचं तर तशीच गाते.

मागच्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर तिने धीर करून बुवांना विचारलंच, "मी उभी राहू का तुमच्या मागे?"

बुवांनी तिच्याकडे बघितलं. "पोरी, तुझा आवाज मला ठाऊक आहे. अख्ख्या स्टँडला ठाऊक आहे. त्याची परीक्षा नको. असं कर, या खेपेच्या माझ्या बाटलीत मध तू घाल. ताईंनी, म्हणजे तुझ्या आईने, हात लावायचा नाही. रविवारी दुपारी घ्यायला येतो. बाकीचं मला बाटली सांगेल."

झालं! तेव्हापासून घरात काय वारं शिरलं म्हणता! भिंगरी भांडी घासताना पद, जिने चढताना पद. शेजारच्या नर्सबाईंनी एकदा दार उघडून विचारलं, "अगं, तिसरं कडवं कधी येणार? मला झोपायचंय, रात्रपाळी आहे."

रविवार उजाडला. भिंगरीने सकाळी सकाळीच फळीवरून बरणी उतरवली. मी पातेल्यावर फडकं धरलं आणि तिने ओतलं. आल्या-पुदिन्याचा असा काही भपकारा उठला की आम्ही दोघी एकदम मागे सरलो आणि हसत सुटलो. फडकं पिळायची मात्र सासूबाईंची सक्त मनाई. "पिळू नका, गढूळ होतं. गळेल आपलं आपण." मग आम्ही फडक्याची गाठ नळाला टांगली आणि खाली पातेलं ठेवून थेंब बघत बसलो.

"वहिनी, हे गळतंय की झोपलंय?" भिंगरी.

"तुला काय घाई?"

"मला? मला कुठे घाई? मी फक्त विचारतेय. मला अजिबात घाई नाही. आता गळलं असेल ना?"

तीन बाटल्यांपुरतं गळलं. सासूबाईंनी बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून उपड्या घालून वाळवल्या होत्या. प्रत्येकीत गळ्याखाली चांगली जागा सोडून व्हिनेगर भरलं. मग सासूबाई खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"माझा हात नको म्हणालेत ना बुवा. मग मी पाहुणी."

भिंगरीने ओढणी कमरेला खोचली. चोचीची बरणी दोन्ही हातांनी उचलली. मध वाकून चोचीशी आला, क्षणभर थबकला, आणि दोऱ्यासारखा खाली सुटला. तिने पद धरलं.

*सावकाश ये रे, दार उघडे आहे...*

या पदात देव दारात उभा राहून माणसाला सांगतोय, की बाबा, धावत येऊ नकोस, ठेच लागेल, मी कुठे जात नाही. माझं फार लाडकं पद. पण भिंगरीच्या तोंडून ते ऐकताना वाटलं, की देव आत जाऊन दार लावून घेणार आहे आणि शेवटची गाडी फलाट दोनवरून सुटते आहे. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात ती बाटलीकडे बघायला लागली, मध किती वर आला ते. तिसऱ्यात तर शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देत पळाले. तिने धार तोडली.

"झालं!" ती ओरडली. "झालं की नाही? झालं!"

बाटली हलवली. मी चमचाभर पाण्यात घालून जिभेवर ठेवलं आणि माझा एक डोळा आपोआप मिटला.

"कसंय?"

"छान आहे," मी म्हटलं. "म्हणजे, जागं व्हायला छान आहे."

तिने स्वतः चाखलं. तिचे दोन्ही डोळे मिटले.

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या, पण पाहुणीला शोभेल इतपतच.

एवढ्यात आमचे हे आत आले. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि जगातला कुठलाही घोटाळा हा वेळेचा घोटाळा आहे, असा ह्यांचा ठाम समज आहे. ह्यांनी बाटली चाखली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि आतून एक जुनं टेबलावरचं घड्याळ घेऊन आले. मोठं, ठणठणीत टिकटिक करणारं.

"हे समोर ठेव. टिकटिकीवर गा. एक टिक, एक अक्षर. पळायचं कामच नाही."

"दादा, तू खरंच हुशार आहेस!"

"हे आईला सांग. ती मानत नाही."

"मी काही बोललेय का?" सासूबाई म्हणाल्या. "मी पाहुणी."

दुसरी बाटली. भिंगरी घड्याळावर डोळे लावून गायला लागली. एक टिक, एक अक्षर. सा. व. का. श. देवाशपथ सांगते, असं पद मी जन्मात ऐकलं नव्हतं. शाळेत शिक्षा झालेलं मूल पाढे म्हणतं तसं. पहिलं कडवं संपता संपेना. माझी मान डुलायच्या ऐवजी लवंडायला लागली. आणि मध? तो आपला शांतपणे येतच होता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तो बाटलीच्या गळ्याशी आला. तिसऱ्याच्या सुरुवातीला काठावर आला.

"भिंगरी, बाटली!"

"अजून-क-ड-वं-आ-हे!" ती टिकटिकीवरच म्हणाली.

मध बाटलीवरून उतरला, ओट्यावरून वाहिला, घड्याळाच्या पायांखाली गेला. घड्याळ मधात उभं राहून टिकटिकत राहिलं. ह्यांनी ते झटकन उचललं आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत चिकट झाले.

ती बाटली काय विचारता! पाक! त्यात व्हिनेगर होतं की नव्हतं हे फक्त आमच्या नाकालाच माहीत.

आम्ही सगळे इतके हसलो की नर्सबाईंनी भिंतीवर थाप मारली. आणि मग हसता हसता मला दिसलं, की भिंगरी हसत नाहीये. ती ओट्यावरचा मध ओल्या फडक्याने पुसत होती, आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"एकच उरली," ती हळू म्हणाली. एवढं हळू बोलताना मी तिला प्रथमच ऐकलं. "वहिनी, मला बाकी काही नको गं. दिवसभर मी लोकांना सांगते, ही गाडी इकडे, ती गाडी तिकडे, आणि सगळे पळतात. एकदा तरी माझ्या आवाजाने कोणी थांबावं. बसावं. असं वाटतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताचा मध तिच्या ओढणीला लागला.

ह्यांना बहीण रडलेली चालत नाही. ह्यांनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. "थांबा. ही आंबट, ही गोड. दोन्ही मोठ्या पातेल्यात एकत्र करा. मधोमध येणार. बुवांना काय कळतंय?"

किती सोपं होतं! माझ्या तर हातात पातेलं आलंसुद्धा. सासूबाई खिडकीतून वळल्या. सगळे भिंगरीकडे बघायला लागलो.

तिने आंबट बाटली उचलली. बूच काढलं. पातेल्यावर धरली. आणि परत बूच लावलं.

"मग उद्या बुवांच्या मागे कोण उभं राहणार, दादा? मी की पातेलं?"

सासूबाईंनी पदराखालचे हात बाहेर काढले. "आता पाहुणीने एक विचारलं तर चालेल?"

"आई, सांग ना गं काहीतरी!"

"पहिल्या वेळी तू बाटलीकडे बघत होतीस. दुसऱ्या वेळी घड्याळाकडे. मधाकडे कधी बघणार?"

एवढंच बोलल्या आणि हात पुन्हा पदराखाली.

भिंगरीने हात धुतले. चेहरा धुतला. ओढणी पुन्हा खोचली. ह्यांनी घड्याळ दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं आणि वर उशी टाकली, टिकटिक नको म्हणून. मी दार उघडं ठेवलं, कारण स्वयंपाकघरात व्हिनेगर कोंडून डोळे चुरचुरत होते. तिसरी बाटली ओट्यावर आली.

मध चोचीशी वाकला. सुटला. या वेळी ती धारेकडेच बघत होती. तोंड उघडलं, पण लगेच गायली नाही. धार वरून जाड होती, खाली येता येता बारीक झाली, बाटलीत पोहोचून गोल गोल घड्या घालत बसायला लागली, आणि तेव्हा कुठे पहिला शब्द आला.

*सावकाश ये रे...*

माझ्या हातावर काटा आला. तोच आवाज, जो आम्ही रोज ऐकतो, पण आता त्याला बसायला जागा मिळाली होती. धार जिथे जराशी हेलकावली तिथे ती श्वास घेत होती. मध घाई करत नव्हता आणि आळसही करत नव्हता. तीही. पहिलं कडवं संपलं. सासूबाईंचे ओठ हलायला लागले, आवाज न करता. दुसरं कडवं सुरू झालं.

आणि जिन्यात कोणीतरी गायला लागलं.

बुवा! सांगितल्यापेक्षा लवकर आले होते. उघड्या दारातून पद ऐकू आलं आणि त्यांना कुठला धीर! जिन्यातूनच त्यांनी मुख्य ओळ उचलली, गातच दारात आले, चपला पायांनीच कुठेतरी भिरकावल्या, डोळे मिटलेले, एक हात वर. आनंदाने नुसते उजळून निघाले होते. आणि आनंदात बुवा काय करतात? पळतात! मी इतकी वर्षं ऐकतेय, पण असं समोरासमोर कधी लक्षात आलं नव्हतं. गोष्ट रंगली, सूर चढला, की बुवा लगाम तोडलेल्या घोड्यासारखे पुढे. तिसऱ्या कडव्यात ते असे सुटले, की माझे हात आपोआप टाळी वाजवायला वर आले.

आता झालं, मला वाटलं. आता ही त्यांच्यामागे धावणार. बुवा आहेत, मोठे आहेत, ते पळताहेत म्हटल्यावर कोण थांबणार?

भिंगरीने मान वळवली नाही. तिचे डोळे धारेवर होते. बुवा पालुपदाशी पोहोचले, वरच्या सुरावर उभे राहिले आणि तिची वाट बघायला लागले. तिचं कडवं अजून संपायचं होतं. ती आपल्या चालीने शेवटच्या शब्दापर्यंत आली. तोवर बुवा त्या वरच्या सुरावर लटकलेले, एक पाय पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर असलेल्या उतारूसारखे. मग तिने पालुपद उचललं, शांतपणे, आणि बुवा खाली उतरून तिच्या चालीत आले. दोघांनी मिळून शेवटची ओळ म्हटली.

*...दार उघडे आहे.*

तिने मनगट फिरवलं. धार तुटली.

नळाला टांगलेल्या फडक्यातून एक थेंब पातेल्यात पडला, तो ऐकू आला.

"तुम्ही मध्येच आलात," भिंगरी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "बाटली बिघडली असेल तर ती माझी चूक नाही, म्हणजे माझीच आहे, पण..."

"पाणी आण," बुवा म्हणाले.

मी तीन वाट्यांतून कोमट पाणी आणलं. बुवांनी ओट्यावरच्या तिन्ही बाटल्या बघितल्या. आधी पहिली चाखली. त्यांचा एक डोळा मिटला.

"ही कोणाची?"

"माझी."

दुसरी चाखली आणि ओठ चाटत बसले. "आणि हा पाक?"

"तोही माझाच."

तिसरी चाखली. घोट तोंडात धरला. गिळला. पुन्हा एक चमचा घातला. मग ह्यांच्याकडे वाटी केली. ह्यांनी माझ्याकडे. मी सासूबाईंकडे. सासूबाईंनी चाखलं, आणि पदराने ओठ टिपायच्या निमित्ताने डोळे टिपले.

"तीन कडवी," त्या म्हणाल्या.

"तीन कडवी," बुवा म्हणाले.

"पण बुवा," सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पळालात."

"पळालो ना?" बुवा खुर्चीत बसले आणि जोरजोरात हसायला लागले. "काय करू ताई, मला राहवतच नाही! काका मागून सदरा ओढायचे माझा. लोकांना वाटायचं ते प्रेमाने उभे आहेत. अहो, मला धरून उभे असायचे! ते गेल्यापासून मी झोपलो नाही. कोण धरणार मला? मोठ्या आवाजाचे पुष्कळ आले, पण मी पळालो की तेही पळतात. परीक्षा घ्यायला आलो आणि मीच नापास होऊन बसलो बघा." त्यांनी भिंगरीकडे बोट केलं. "उद्या वेळेवर ये, पोरी. आणि माझा सदरा ओढू नकोस, नवीन आहे. नुसती गा."

भिंगरी जी ओरडली, ती थेट बस स्टँडवाल्या आवाजात. नर्सबाई रात्रपाळीचे डोळे चोळत आमच्या दारात आल्या. त्यांना काही विचारायची संधी न देता भिंगरीने मिठी मारली आणि पाकाची बाटली त्यांच्या हातात दिली. बुवांनी तिसरीबरोबर आंबट बाटलीही मागून घेतली. "पळावंसं वाटलं की एक चमचा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनागृह जिन्यापर्यंत भरलं होतं. मी आणि सासूबाई पुढेच बसलो होतो. बुवांनी गोष्ट धरली: एक माणूस आयुष्यभर देवाच्या घराकडे पळत राहतो आणि पळण्याच्या नादात घर मागे टाकून पुढे निघून जातो. बोलता बोलता ते त्या उंबऱ्यावर आले. माझा पदर वर गेला. बुवा गाण्यात शिरले, खुलले, आणि सवयीने सुटले.

मागे भिंगरी उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली. उजवा हात पोटाशी, मनगट जरासं वाकडं, बरणी धरल्यासारखं. नजर समोर, जिथे काहीच नव्हतं, तिथे वरून खाली येणारं काहीतरी बघत असल्यासारखी. बुवा वरच्या सुरावर जाऊन थांबले. सगळी खोली थांबली. जिन्यावरचे लोकसुद्धा हलले नाहीत.

आणि तिने पालुपद उचललं.

मी टाळी वाजवली, भरलेल्या डोळ्यांनी, जीव तोडून. ती माझ्या एकटीचीच वाजली, सगळ्यांच्या कितीतरी आधी. सासूबाईंनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी गप्प झाले आणि तोंड दाबून तिसऱ्या कडव्याची वाट बघायला लागले.